जिल्हा निरंक

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. जिल्हा शिक्षण कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना निरंककाका म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. एखाद्या नव्या हेडमास्तरांनी बिचकत नुसतं "काका" म्हटलं तर तेच सांगायचे, "निरंककाका म्हणा हो, नाहीतर मला वाटतं दुसऱ्याच कोणाला हाक मारताय."

दर सोमवारी सकाळी राज्याच्या शिक्षण विभागाकडून सगळ्या जिल्ह्यांना अपडेट यायचं. बदललेले नियम, पुढे ढकललेल्या तारखा, आणि माहिती, माहिती, माहिती. किती शाळांच्या टाक्या गळतात, किती मुलांना चष्मा हवा, किती शिक्षक न सांगता घरी बसले. प्रत्येक कलमाखाली एकच ओळ ठरलेली: माहिती नसल्यास 'निरंक' कळवावे. निरंक म्हणजे आमच्याकडे असलं काही नाही. हे अपडेट वाचायचं, शाळांना कळवायचं आणि जिल्ह्याचं उत्तर पाठवायचं, हे काकांचं टेबल. त्या टेबलावर त्यांचे केस पांढरे झाले.

नवे होते तेव्हा ते खरंच प्रत्येक शाळेला फोन लावायचे. हेडमास्तर वैतागायचे. कोणी वर्गावर असायचं, कोणी परीक्षेच्या धांदलीत. "काका, आमच्याकडे कधी काही असतं का? टाका निरंक आणि व्हा मोकळे." असं करता करता पद्धतच पडून गेली. काका अपडेट वाचायचे, त्यातलं शाळांच्या उपयोगाचं तेवढं अर्ध्या पानात उतरवून पाठवायचे, आणि गुरुवारी दुपारपर्यंत कोणाचा फोन आला नाही की सबंध जिल्ह्याचं निरंक. हेडमास्तर खूश, साहेब खूश, आणि विभाग तर फारच खूश, कारण सगळ्यात आधी उत्तर याच जिल्ह्याचं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र साहेबांच्या खुर्चीमागे काचेत लावलेलं होतं. या पद्धतीत एक भोक होतं, पण ते कोणी पाहिलं नाही. जे काकांनी अर्ध्या पानात घेतलंच नाही, त्याबद्दल शाळा फोन करणार तरी कशी?

घरीही तीच तऱ्हा. बायको मागच्या दारातून ओरडायची, "दूध उतू जातंय का बघा हो!" काका खुर्चीतूनच "नाही" म्हणायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. तोवर अर्धं दूध ओट्यावर आलेलं असायचं. "तुमचं ते निरंक कार्यालयात ठेवून येत जा," बायको फणकारायची, आणि सून तोंड फिरवून हसायची.

सून त्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत लहान मुलांच्या वर्गाला शिकवायची. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. त्यामुळे घरात हे तिघंच. काकांना सुनेचं भारी कौतुक. ती खात्यात लागली तेव्हा त्यांनी कार्यालयात स्वतः पेढे... नाही, पेढे शिपायानं आणले होते, काकांनी फक्त वाटले. पण वाटताना छाती अशी काढली होती की बघणाऱ्याला वाटावं, नोकरी यांनाच लागली.

तर एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गात हल्ली रोज बाकांवर पांढरी पूड पडलेली असते. मुलं बोटानं त्यात चित्रं काढतात."

"चुना असेल. जुनी इमारत ती."

"चुना नाही. छताच्या फळ्या आहेत ना, त्यांच्या सांध्यातून पडते. आणि मधली एक फळी मला खाली आल्यासारखी वाटते. हेडमास्तरांना दोनदा सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, विभागाच्या तक्त्यात आपल्या जिल्ह्यासमोर छतांचं निरंक आहे. म्हणजे कोणीतरी वरून बघूनच दिलं असणार. मी कोण त्याच्यावर बोलणारा?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. छतांचं? असं काही आलं होतं खरं. "बघतो," ते म्हणाले आणि पाणी प्यायले. पण सरकारी माणसाचं "बघतो" म्हणजे काय ते सुनेला ठाऊक होतं, आणि काकांनाही. त्यांनी बघितलं नाही. सकाळी कार्यालयात गेले की आठवायचं, आणि आठवलं की दुसरं काहीतरी काम निघायचं. बघितलं तर काय दिसेल, याची धास्तीच होती म्हणा ना.

पुढच्याच एका सोमवारच्या अपडेटनं त्यांना बघायला लावलं. पहिलंच कलम होतं. दुसऱ्या एका जिल्ह्यात शाळेचं छत कोसळलं. सुट्टीचा दिवस होता, आत कोणी नव्हतं. त्या जिल्ह्यानं छतांची माहिती पाठवायला उशीर केल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला आहे. आणि शेवटी: ज्या जिल्ह्यांनी 'निरंक' कळवले आहे, त्यांनी पुढील कार्यवाही करण्याची गरज नाही.

काकांनी जुनी अपडेट्स उघडली. ते कलम सापडायला वेळ लागला, कारण आल्या दिवशी ते त्यांनी नीट वाचलंच नव्हतं. चांगलं लांबलचक होतं. विशिष्ट काळात बांधलेल्या काही शाळांची सपाट छतं कारखान्यात ओतलेल्या हलक्या सिमेंटच्या फळ्यांची आहेत. फळ्या आतून पावासारख्या सच्छिद्र असतात, ओल धरली की भुसभुशीत होतात. सांध्यातून पांढरी पूड पडणे, फळी मध्यभागी वाकणे ही लक्षणे. आणि मग एक ओळ, जी काकांनी तीनदा वाचली: अशी छते बहुधा पूर्वसूचना न देता कोसळतात. हे सगळं इंजिनिअर लोकांचं काम म्हणून त्यांनी अर्ध्या पानातून गाळलं होतं. शाळांना ते कळलंच नव्हतं. फोन कोणाचा येणार? आणि गुरुवारी नेहमीसारखं निरंक.

 टेबलावरचा चहा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वयानं लहान, बोलायला मऊ. आवाज कधी चढवत नसत, आणि त्यामुळेच कार्यालय त्यांना टरकून असायचं.

"साहेब, ते छतांचं निरंक मी शाळांना न विचारताच दिलं होतं. दुरुस्त करायला हवं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कोणत्या शाळेचं?"

"सुनेच्या शाळेचं मला कळलंय. बाकीच्यांचं काहीच माहीत नाही."

"मग माहीत नसलेल्याबद्दल कशाला बोलताय?" साहेब हसले. "काका, एक निरंक मागं घेतलं की विभाग विचारणार, याच्या आधीची किती अशीच दिलीत? मग तुमची सही, माझी सही, मागची सगळी वर्षं. तुम्ही निवृत्तीला आलात. सूनबाई आपल्याच खात्यात आहेत. घरी सगळं सुरळीत चाललंय ना?"

"हो."

"मग चालू द्या की."

बोलण्यात एक शब्द वावगा नव्हता. तरी बाहेर येऊन काकांनी खुर्चीचा हात धरला तेव्हा तो ओला झाला, इतका त्यांना घाम फुटला होता. त्यांनी आपल्या अधिकारात गुपचूप उत्तर बदलता येतं का तेही पाहिलं. पडद्यावर उमटलं: सदर बाब बंद करण्यात आली आहे.

इकडे सुनेनं वाट बघणं सोडलं. तिनं वर्ग उचलला आणि मैदानाच्या टोकाला झाडाखाली नेऊन बसवला. फळा बुंध्याला टेकवला, सतरंज्या टाकल्या आणि शिकवायला लागली. मुलांना तर सहलच वाटली. पण कोणीतरी वर कळवलं, असं कळवणारा प्रत्येक शाळेत एक असतोच, आणि साहेबांनी काकांना आत बोलावलं.

"घ्या लिहून," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत मजकूर सांगत गेले. जिल्हा कार्यालयाने इमारत सुरक्षित असल्याचे कळविले असतानाही संबंधित शिक्षिकेने विनाकारण वर्ग उघड्यावर भरवून पालकांत घबराट निर्माण केली. सोमवारपासून वर्ग खोलीतच भरवावा, अन्यथा निलंबनाची कारवाई करण्यात येईल.

काकांनी ते टाइप केलं. नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्या टेबलाकडे ढकलता आलं असतं, डोकं दुखतंय म्हणून घरी जाता आलं असतं. पण त्यांची बोटं चालत राहिली, इतक्या वर्षांची सवय. एका ठिकाणी वाक्य जरा वाकडं झालं होतं, ते त्यांनी सरळसुद्धा केलं.

संध्याकाळी तो कागद जेवणाच्या टेबलावर होता. सुनेनं ताटं वाढली, मग कागदावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही टाइप केलंत ना, बाबा?"

"साहेबांनी सांगितलं."

"ते कळलं. मी भांडत नाहीये." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी मुलांना आत नेणार नाही. नोकरी गेली तर गेली. पण मी घरी बसले की माझ्या जागी दुसऱ्या बाई येतील. त्यांना यातलं काही माहीत नसणार. त्या नेतील मुलांना आत. आणि त्यांनी विचारलंच की हे छत कसं आहे, तर तुमच्या कार्यालयातून त्यांना काय सांगणार?"

 ओट्यावर दूध वर येत होतं. बायकोनं न बोलता गॅस बंद केला. एरवी तिनं केवढा गहजब केला असता.

सोमवारी सकाळी, नोकरीत पहिल्यांदाच, काकांनी अपडेट उघडलं नाही. ते शाळेत गेले. शिपाई झाडलोट करत होता. तपासणीला आलोय म्हटल्यावर त्यानं खोलीची किल्ली दिली.

आत गारवा होता आणि ओल्या भिंतीचा वास. लहानखुरे बाक, दोरीला अडकवलेली चित्रं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बाकांवर पूड होती, पिठाची चाळणी कोणी वर हलवावी तशी. एका बाकावर त्या पुडीत कुणीतरी मांजर काढलं होतं. काकांनी वर पाहिलं. मधली फळी पोट सुटल्यासारखी खाली आली होती. पुडीनं भरलेली एक बारीक चीर तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. हे बघायला इंजिनिअर लागत नव्हता. नुसतं यायला हवं होतं.

त्यांनी बाईंची खुर्ची ओढली, बरोबर त्या फळीखाली ठेवली आणि बसले. भीती वाटत होती. खूप वाटत होती. 

मुलं आली तेव्हा सुनेनं दारातून त्यांना पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा!"

"तू पोरांना घेऊन झाडाखाली जा. आज खोली रिकामी नाही."

हेडमास्तरांनी धावत जाऊन फोन लावला, आणि तासाभरात साहेबांची गाडी मैदानात आली. साहेब ओसरीवरून थेट दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले.

"काका, काय पोरखेळ लावलाय? बाहेर या."

"इथं बरं वाटतंय, साहेब."

"आधी बाहेर या. मग बोलू."

"तुम्हीच आत या की. इमारत सुरक्षित आहे. लेखी आहे आपल्याकडे."

साहेबांनी वर पाहिलं. तेवढ्यात चिमूटभर पूड काकांच्या खांद्यावर सांडली. साहेब एक पाऊल मागं सरकले. हेडमास्तरांनी ते पाहिलं, शिपायानं पाहिलं, आणि झाडाखालून माना उंचावून बघणाऱ्या पोरांनीही पाहिलं. त्यानंतर ते पाऊल पुन्हा पुढं टाकणं साहेबांना काही जमलं नाही.

"काय हवंय तुम्हाला?"

"मला इथून उठवायचं कारण. लेखी."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी बसतो. पडलंच, तर त्याचं अपडेट भरायला दुसरा माणूस शोधा."

 मग साहेबांनी हेडमास्तरांकडून कागद मागितला आणि ओसरीच्या भिंतीवर टेकवून लिहिलं: सदर खोलीचे छत धोकादायक असल्याने तिचा वापर तात्काळ बंद करण्यात येत आहे. सही केली, कागद उंबऱ्यावर ठेवला. काका उठून बाहेर आले. सुनेनं दंडाला धरून त्यांना पायरीवर बसवलं.

गाडीत बसता बसता साहेब मऊ आवाजात म्हणाले, "एका खोलीपुरतं हं, काका. बाकी जिल्हा निरंक."

आणि काकांनी मान हलवली. खरंच हलवली. सून वाचली होती, तिची पोरं वाचली होती, आपण जिवंत बाहेर आलो होतो; त्या क्षणी त्यांना जगाकडून आणखी काहीच नको होतं. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले, टेबलावर बसले, आणि गुरुवारी नेहमीसारखी उत्तरं पाठवली. बाकीच्या शाळांचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. तो आला की ते फायली लावायला घ्यायचे.

खोलीला कुलूप लागलं, आणि थोड्याच दिवसांनी एका सकाळी, शाळा नुकती भरत असताना, काकांना हेडमास्तरांचा फोन आला.  "काका, पडलं."

काका पोचले तेव्हा मैदानावर धूळ अजून तरंगत होती. खोलीच्या चारही भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ दिसत होतं. दारामागं फळ्यांचा ढीग, त्यात बाकांचे पाय. सून झाडाखाली मुलांना जवळ घेऊन उभी होती. काकांच्या खिशातला फोन वाजला. साहेब होते.

"काका, अपघाताचं लगेच कळवायचंय. मृत, जखमी. निरंक टाकू ना?"

"थांबा. मोजतोय."

त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि हजेरी हातात घेऊन मुलं मोजली. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, एकेक. एक कमी आलं. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. सुनेनं हजेरी ओढून घेतली, नावं घ्यायला लागली, आणि एका नावाला "हजर" आलं नाही. दोघांनी एकदमच त्या ढिगाकडे पाहिलं. सुनेनं तिकडे धाव घेतली. ती नुसत्या हातांनी फळ्या ओढत होती तेव्हा शिपाई स्वच्छतागृहाकडून ओरडला. आवाजानं घाबरून ती मुलगी तिथं दार लावून बसली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. सून मटकन खाली बसली आणि तिला छातीशी धरून मोठ्यानं रडली.

काकांनी त्या मुलीच्याही डोक्यावर हात ठेवला. मग फोन कानाला लावला.

"मृत निरंक. जखमी निरंक."

"सुटलो," साहेब म्हणाले. "मग जिल्हा निरंक."

"नाही साहेब. ही खोली निरंक. जिल्ह्याचं मला माहीत नाही. मी एकही शाळा बघितलेली नाही."

पलीकडून काही बोलणं सुरू झालं होतं, ते काकांनी तोडलं. ते पायरीवर बसले. फोनमध्ये सगळ्या शाळांचे नंबर होते, वर्षानुवर्षांत न लावलेले. त्या काळात बांधलेल्या शाळा कोणत्या, तेही त्यांना ठाऊक होतं, कितीतरी होत्या. त्यांनी पहिला नंबर लावला. घंटी वाजत राहिली, वाजून बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. सून डोळे पुसत शेजारी येऊन उभी राहिली.

"उचलत नाहीत?"

"नाही," काका म्हणाले. "शाळा भरलीय ना. सगळे वर्गात असतील."